उभ्या आळीतले दोन कट्टे

त्या नगरात काहीच पिकत नसे. नगर टेकडीच्या माथ्यावर होते, माथा सगळा खडकाचा, आणि खडकावर घरे छान उभी राहतात पण भाजी उगवत नाही. त्यामुळे धान्य, गूळ, कांदे, सरपण, दही, अगदी पाणीसुद्धा खालच्या पेठेतून वर चढून येई, आणि येई ते गाढवांच्या पाठीवरून. आलेला माल सगळ्यांना हवा होता. तो येताना मात्र कुणाला दिसायला नको होता. गाढवाला गुळाची चव काय, असे तिथले रहिवासी जेवताना सहज म्हणून जात. तो गूळही गाढवानेच आणलेला असे, पण म्हणीला जाब कोण विचारणार.

पेठेत वानर माल लादत. वर पोचल्यावर वरचे वानर तो उतरवीत आणि त्याच दमात राख, साली, फुटकी मडकी, असे नगराला नको झालेले सगळे भरून मागच्या उताराने परत पाठवीत. गाढवाची पाठ दिवसभरात कधी मोकळी नसे. वाटेत गोणी टाकणे सोपे होते, नुसते अंग झटकले तरी पुरे. पुन्हा चढवायला मात्र वानर लागतात, आणि वानर एक तर खाली असत नाहीतर वर, मधे नसत. म्हणून गाढवांची रीत पडून गेली होती की पोचेपर्यंत ओझे उतरवायचे नाही. ज्याचे ओझे वाटेत पडले त्याच्या पाठीवर वानर पुन्हा कधी ओझे चढवीत नसत. ओझे नाही म्हणजे वैरण नाही, आणि वैरण नाही म्हणजे वेशीबाहेरचा माळ. माळावर गेलेले गाढव परत आलेले कुणी पाहिले नव्हते, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नसे.

भुरी याच ओळीतली एक गाढवीण. तिचा पुढचा उजवा गुडघा जुना झाला होता, म्हणजे बाकीची भुरी अजून चालू शकत होती पण गुडघ्याने मनातून काम सोडले होते. पूर्वी तिला चढाचा राग यायचा. मग रागाऐवजी कंटाळा येऊ लागला. आता काहीच येत नसे. सकाळी गोणी चढली की ती निघे, उतरली की दुसरी चढे, आणि संध्याकाळी वैरणीपुढे उभी राहिली की आज ऊन होते की ढग, हे तिला आठवून सांगता येत नसे.

पेठेतून वर जायला एकच वाट होती. तिला उभी आळी म्हणत आणि ती नावाप्रमाणे होती. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मधे एक गाढव जाईल एवढी जागा, आणि चढ असा की लादलेले गाढव एकदा त्याला लागले की पुढेच जाऊ शकते. मागे सरकायला गेले तर ओझे मानेवर येते आणि पाय सुटतात. या आळीच्या मध्यावर थोडी सपाट जागा होती. तिथे भिंतींना लागून समोरासमोर दोन दगडी कट्टे होते, मधे बेताची खाच. गाढव त्या खाचेत शिरून थांबले की दोन्ही बाजूंच्या गोणी बरोबर कट्ट्यांवर टेकत. ओझे पाठीवर असूनही पाठीवर नसे. श्वास खालपर्यंत जाई. मग मागचे गाढव नाकाने ढोसे, आणि पुढचे निघे.

एवढेच ते कट्टे. पण भुरीचा गुडघा त्या कट्ट्यांपर्यंतच्या हिशेबाने चढत असे, आणि तिथून वरपर्यंतचा हिशेब तो तिथे थांबल्यावर करत असे. कट्टे नसते तर भुरी आळीच्या मध्यावर बसली असती, आणि तिचे पुढे काय झाले असते ते वर सांगून झालेच आहे.

एके दिवशी नगरातला मोर आळीतून खाली जात असताना त्याचा पिसारा त्या खाचेत अडकला. दोन पिसे मोडली. मोर मोठा मानी. त्याने त्याच संध्याकाळी सगळ्यांना मोडलेली पिसे दाखवली. मग आळीतल्या मांजरीला आठवले की आपली दुपारची झोप खुरांच्या आवाजाने मोडते, आणि गाढवे सर्वांत जास्त वेळ घालवतात ती आपल्या खिडकीखालच्या कट्ट्यांपाशीच. वरच्या दुकानदार उंदरांना वाटले, ही गाढवे मधे थांबतात म्हणूनच माल उशिरा येतो. जो तो आपल्या जागी खरेच बोलत होता. सगळ्यांचे मिळून असे ठरले की आळीत अडचण आहे ती त्या दोन कट्ट्यांची.

पूर्वीचे दिवस असते तर कट्टे दुसऱ्या दिवशीच फुटले असते. पण आता नगराला सभा होती, आणि सभेचा एक नियम होता, ज्याचा नगराला फार अभिमान होता: ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांचा शब्द घेतल्याशिवाय नगरातला एकही दगड हलवायचा नाही. शब्द घ्यायची पद्धतही ठरलेली होती. एका रुंद फळीवर ओली माती थापत, तिच्यावर रेघा ओढून प्रत्येक समाजाची जागा आखत, आणि ज्याला मान्य असेल तो आपल्या जागेत पाय उमटवी. एकही जागा कोरी राहिली तर काम होत नसे. सभेचे अध्यक्ष कासवआबा हा नियम नव्या पाहुण्याला आवर्जून समजावून सांगत.

गाढवांना निमंत्रण द्यायला सभेने टिटवीला पाठवले. टिटवी जमिनीवर अंडी घालणारी, त्यामुळे कुणाचा पाय कुठे पडतो याकडे तिचे जन्मापासून लक्ष. सभेत ती नवी होती आणि तिला ही कामे मनापासून आवडत. भुरी खाचेत टेकलेली असताना ती कट्ट्यावर येऊन बसली.

"भुरीताई, सभा आहे. कट्ट्यांची. तुमच्यातल्या कुणीतरी यायला हवं."

"कट्ट्यांचं काय?"

"काढायचं म्हणतात."

भुरीने दुखरा गुडघा जरा सैल सोडला. टिटवीला वाटले तिला ऐकू आले नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितले.

"ऐकलं बाई," भुरी म्हणाली. "सभा कधी?"

"दुपारी. आम्ही सगळ्यांना सोयीची वेळ काढली."

"दुपारी पाठीवर दही असतं."

"मग या की दही घेऊन. वाटेवरच तर आहे सभागृह," टिटवी म्हणाली. तिला खरेच वाटत होते की यात काही अडचण नाही. मागच्या गाढवाने, लिंबाने, नाकाने ढोसले तशी भुरी निघाली.

सभेच्या दिवशी भुरी दह्याच्या मडक्यांसकट सभागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दारावर एक कुत्रा होता, वयस्कर, भला माणूस म्हणावा असा.

"या बाई, या. तुमचीच वाट बघतायत आत. तेवढं ओझं बाहेर ठेवा."

"ठेवलं तर परत चढवील कोण?"

कुत्र्याने इकडेतिकडे पाहिले. "ते मला नाही सांगता यायचं. पण ओझ्यासकट आत नाही जाता येत. सगळ्यांना एकच नियम आहे हो, तुम्हालाच म्हणून नाही."

ते खरे होते. उंदरांनी आपल्या पिशव्या बाहेर ठेवल्या होत्या, मांजरीने आपली उशी ठेवली होती. कासवआबांची ढाल तेवढी आत गेली होती, पण ती अंगचीच.

दार उघडे होते, म्हणून भुरीला आतले सगळे ऐकू येत होते. आत तिच्याबद्दल कुणी वावगे बोलत नव्हते. उंदीर म्हणाले, गाढवे आहेत म्हणून नगर आहे. फक्त माल सकाळी दुकान उघडायच्या आत यावा आणि ताजा असावा. मांजर म्हणाली, मला त्यांच्याविषयी माया आहे, खुरांना चिंध्या बांधल्या तर त्यांचेही पाय दुखणार नाहीत. मोर म्हणाला, आळी मोकळी झाली तर सर्वांत जास्त सुख गाढवांनाच. इतक्या अरुंद खाचेतून त्यांना जावे लागते, हे बघून मला तर कसेसेच होते. मग टिटवीने उठून विचारले की गाढवे त्या खाचेत थांबतात ते कशासाठी, हे कुणी त्यांना विचारले आहे काय.

तेव्हा कासवआबा सावकाश पुढे आले. "ओझं म्हणजे काय हे मला कुणी सांगू नये," ते म्हणाले. "मी जन्मलो तो घर पाठीवर घेऊनच. आजवर एकदाही उतरवलेलं नाही. आणि मी कधी कट्टा मागितला का?"

यावर सभेने माना डोलावल्या आणि टिटवी खाली बसली. ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात, आणि इथे अध्यक्षांच्या पाठीवर तर सर्वांच्या डोळ्यांदेखत घर होते.

"कट्टे राहू द्या," भुरी दारातून म्हणाली. ती ओरडली नाही. गाढव ओरडले की त्याचे काय ऐकले जाते ते तिला ठाऊक होते. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि ते फक्त दारातल्या कुत्र्याला ऐकू आले. त्याला वाईट वाटले, हे त्याच्या कानांवरून दिसत होते. पण निरोप आत नेण्याचे काम त्याच्याकडे नव्हते.

तेवढ्यात मागे ओळ तुंबली. लिंबाच्या पाठीवर पाण्याच्या पखाली होत्या आणि त्याचे पाय थरथरत होते. दही उन्हात आंबू लागले होते. भुरी थोडा वेळ उंबऱ्याकडे बघत राहिली आणि मग निघून गेली. आत कुणीतरी विचारले की गाढवांकडून कोणी आले होते का. आले होते, असे कुत्र्याने प्रामाणिकपणे सांगितले. दार उघडेच होते, असेही सांगितले.

फळीवर मोराने पाय उमटवला, मांजरीने पंजा ठेवला, उंदरांनी रांगेने येऊन आपली जागा बारीक बारीक नखांनी भरून टाकली. गाढवांची जागा कोरी राहिली. मोर म्हणाला, गाढवे बाहेरूनच गेली म्हणजे त्यांची हरकत नसावी. पण कासवआबा नियमाचे पक्के होते. कोरी ती कोरी, ते म्हणाले; कोरी जागा ठेवून मी दगड हलवणार नाही. मग टिटवी म्हणाली की त्यांना इथे येता येत नसेल तर आपण फळी घेऊन त्यांच्याकडे जाऊ. सभेला ही कल्पना इतकी आवडली की थोडा वेळ सगळे तिच्याकडेच बघत राहिले. माती ओली राहावी म्हणून फळीवर भिजलेले फडके टाकले आणि उद्याचा बेत ठरला.

संध्याकाळी वैरणीच्या वेळी टिटवी गाढवांच्या गोठ्यावर आली आणि भुरीच्या अगदी जवळ बसली.

"उद्या फळी आळीत येणार आहे. नीट ऐका भुरीताई. तुमची जागा कोरी राहिली तर कट्ट्यांना कुणी हात लावू शकत नाही. आबासुद्धा नाही. तुम्हाला काही बोलायला नको, कुठं जायला नको. फक्त पाय उमटवू नका."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

भुरीने ते मनात फिरवून पाहिले. काहीच न करणे तिला येत होते. तिने लिंबाला सांगितले, लिंबाने पुढच्याला सांगितले, आणि वैरण संपायच्या आत सगळ्या गोठ्यात ठरून गेले की उद्या त्या मातीवर कुणी पाय ठेवायचा नाही. कुणीतरी हळूच हसलेही. भुरीला आनंद झाला. तो आनंद आहे हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला, इतकी त्याची सवय गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर मिठाच्या गोणी होत्या. मीठ मुके आणि जड. ती ओळीत सर्वांत पुढे होती, मागे लिंबा, त्याच्यामागे आळीच्या तोंडापर्यंत बाकीचे, एकाचे नाक दुसऱ्याच्या शेपटीला. गुडघा नेहमीच्या जागी दुखू लागला आणि तिने नेहमीप्रमाणे त्याच्याकडे लक्ष दिले नाही. वळण घेतल्यावर तिला कट्टे दिसले, कट्ट्यांवर बसलेली सभेची मंडळी दिसली, आणि मग फळी दिसली.

दोन बोकडांनी ती वरून उतरवून आणली होती. ओल्या मातीची फळी चढावर ठेवली तर माती ओघळते. तिला सपाट जागा हवी, आणि सबंध आळीत सपाट जागा होती ती कट्ट्यांच्या अलीकडे, खाचेच्या तोंडाशी. तिथे त्यांनी ती ठेवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर मावली, आणि लादलेल्या गाढवाला एका ढांगेत ओलांडता येऊ नये एवढी ती रुंद होती. तीत मोर, मांजर, उंदीर यांचे ठसे वरच्या अंगाला होते आणि गाढवांची कोरी जागा, मान देण्यासाठी म्हणून मुद्दाम मोठी आखलेली, मधोमध होती.

भुरी फळीपाशी येऊन थांबली.

"बाजूला घ्या ती," टिटवी म्हणाली. "तिला जायला वाट नाही."

"आता हलवली तर आधीचे ठसे बिघडतील," कासवआबा म्हणाले. "सगळ्यांनी इतक्या प्रेमाने उमटवलेत. होऊ दे तिचं सावकाश. आपल्याला घाई नाही."

खरेच कुणाला घाई नव्हती. मोर कट्ट्यावर पिसारा सावरून बसला होता. मांजर आज मुद्दाम जागी राहिली होती. उंदरांनी आपसातले बोलणे थांबवले. सगळे भुरीकडे आदराने बघत होते, आणि तिच्याकडे असे कुणी आजवर पाहिले नव्हते.

भुरी उभी राहिली. काहीच करायचे नव्हते. फळीच्या पलीकडे, एका ढांगेवर, खाच होती. रोज याच क्षणी तिच्या गोणी तिथे टेकलेल्या असत. पुढच्या पायांत मिठाचे वजन उतरू लागले. मागून लिंबाचे नाक लागले. त्याने ढोसले नाही, नुसते टेकवले, कारण त्यालाही ठाऊक होते. पण त्याच्यामागच्याला पुढचे काही दिसत नव्हते, आणि त्याच्यामागच्याला त्याहून कमी. सगळी ओळ चढावर ओझ्यांसकट तटून राहिली होती आणि प्रत्येकाचे थोडे थोडे वजन पुढे पुढे येत होते.

"भुरे," लिंबा मागून म्हणाला, "मला धरवत नाही गं."

"अजून थोडं," भुरी म्हणाली.

तिने फार वेळ धरले. टिटवी तिच्या गुडघ्याकडे बघत होती आणि तिला दिसले की तो आधी कापला आणि मग कापायचा थांबला. ओझे इथे पडले तर माळ होता. मागे जाता येत नव्हते. भुरीला खूप काही वाटायला हवे होते, पण तिला एवढेच वाटले की ती खाच अगदी जवळ आहे आणि तिथे टेकायला मिळेल.

तिने पाय उचलला आणि टाकला. माती खोलवर दबली. दुसरा पाय पलीकडे गेला, मग त्याच खळग्यातून मागचे दोन, आणि गोणी कट्ट्यांवर टेकल्या. तिने डोळे मिटले.

सभेची मंडळी कट्ट्यांवरून उतरून फळीभोवती गोळा झाली. मोराचा ठसा मातीवर काडीने रेघ मारावी तसा होता. उंदरांचे तर वाचायला वाकावे लागे. मधल्या जागेत मात्र खूर पार फळीच्या लाकडापर्यंत गेला होता, कडा कशा स्वच्छ कापल्यासारख्या. कासवआबांनी मान शक्य तेवढी बाहेर काढून तो पाहिला.

"तिनं पाय ठेवला नाही आबा," टिटवी म्हणाली. "तिला ठेवावा लागला."

"ठसा तिचाच ना?"

टिटवीने ठशाकडे पाहिले. "तिचाच."

"सगळ्यांत खोल आहे," आबा म्हणाले. "इतक्या मनापासून आजवर कुणी उमटवला नव्हता."

मग त्यांनी सांगितले की माती आता लवकर वाळायला हवी, नाहीतर ठसा ढासळेल. फळीला खालून वरून दोन्हीकडून वारा लागला पाहिजे. बोकडांनी आळीत नजर फिरवली. अशी एकच जागा होती. त्यांनी भुरीला पुढे सरकायला सांगितले आणि ती सरकली. श्वास अजून अर्ध्यावरच होता. मग त्यांनी फळी हलक्या हातांनी उचलून दोन कट्ट्यांवर आडवी टेकवली. ती तिथे अगदी नीट बसली. खालच्या अंगाला सगळी ओळ पाठीवर ओझे घेऊन, एकामागे एक, चढावर तशीच उभी होती, आणि वर ऊन पडलेल्या मातीवर भुरीचा ठसा हळूहळू पांढरा होत होता.